काकाजींचा पाण्यातला दिवा

काकाजींनी जन्मभर एकाच हाताने काम केलं. दुसरा हात चांगला धडधाकट होता, पण तो पँटच्या डाव्या खिशात असायचा. मीटरची पेटी उघडताना खिशात, शिडीवर चढताना खिशात, पोहे खाताना खिशात. नमस्कारसुद्धा एकाच हाताचा. "जय भीम" म्हणताना ते उजवा हात अर्धवट उचलायचे, चौकातला पोलीस ट्रक थांबवतो तसा. आमच्या मालकांची, म्हणजे शेठजींची, आई वारली तेव्हा सगळे जण हात जोडून, मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्या मधोमध काकाजी एक हात खिशात घालून तिकिटाच्या रांगेत असल्यासारखे. शेठजींच्या एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ये बुजुर्ग कौन हैं? गमी में भी स्टाइल मार रहे हैं."

मी नंतर काकाजींना विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही हात तारेले लागले का करंटले छातीतून रस्ता भेटते. एकच हात लागला तं तो बिचारा पायातून निंगून जाते."

"पण तिथे कुठे तार होती, काकाजी?"

"तारेचं काय, ते सांगून येते का?"

गोंदियाहून गोरेगावकडे जाताना डाव्या हाताला आमचं लॉन होतं. लॉन म्हणजे लग्नाचं लॉन. आमच्या भागात मंगल कार्यालयाला हेच म्हणतात, मग तिथे गवत असो की नसो. तिन्ही बाजूंनी धानाचे बांध, चौथ्या बाजूला रस्ता. मालक राईस मिलवाले शेठजी. मी बीए झाले, बीएड लांबलं, आणि दोन महिन्यांपुरती म्हणून तिथे बुकिंग घ्यायला बसले ती आठ वर्षं बसले. काकाजी तिथले वायरमन. पूर्वी शेठजींच्याच मिलमध्ये होते, तिथून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन लॉनवर हजर. शेठजी म्हणाले, "आपको किसने बुलाया?" काकाजी म्हणाले, "पंख्यांनी."

यंत्रांशी ते माणसांसारखं बोलायचे आणि माणसांशी यंत्रांसारखं. डीप फ्रीजला ते "जावई" म्हणायचे, कारण तो नुसता घुरघुरत पडून असायचा. पाण्याच्या मोटारीला दिलेल्या शिव्या मला इथे लिहिता येणार नाहीत. पण वऱ्हाडातल्या एखाद्या बाईने "जरा पंखा वाढवता का?" म्हटलं, की ते रेग्युलेटरकडे बघून म्हणायचे, "पाचावर हाय. सहा नाई." संपलं संभाषण. शर्टाच्या खिशात पेनासारखा टेस्टर. हजेरीच्या वहीवर सही करायला एकदा तोच काढला आणि शाई येत नाही म्हणून वहीलाच शिवी दिली.

देवाधर्माशी त्यांचं भांडण नव्हतं, फक्त त्यांना ते कामाच्या वेळेत नको असायचं. नवा जनरेटर आला तेव्हा शेठजींनी भटजी बोलावले. पूजा झाली, नारळ फुटला, आणि त्याचं पाणी उडून जनरेटरच्या पॅनलवर गेलं. काकाजींनी पॅनल फडक्याने पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नारळ फोडून अर्थिंग होत नाई जी." भटजी हसले, शेठजी हसले नाहीत.

आता पुलाची गोष्ट. पूल म्हणजे नाल्यावरचा नव्हे, पोहायचा. लॉन होण्याआधी तिथे शेठजींचं फार्महाऊस होतं. एकोणीसशे नव्व्याण्णव साली ते कुठल्याशा हॉटेलात उतरले, तिथला पोहण्याचा तलाव पाहिला आणि घरी येऊन काजूच्या आकाराचा एक खोदून घेतला. शेजारच्या शेतकऱ्यांना बरीच वर्षं तो मासे पाळायचा हौद वाटत होता. पावसाळ्यात बेडूक बांधावरून थेट त्यात यायचे. त्याच्या भिंतीत, पाण्याखाली दोन-अडीच फुटांवर, एक दिवा होता. मोठ्या ताटलीएवढा, पिवळा. लावला की पूल चहाच्या बशीसारखा दिसायचा.

शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि हा पिवळा दिवा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. मुलीने मोबाइलवर कुठल्या तरी लग्नाचे फोटो दाखवले. पाणी निळं, मग जांभळं, मग गुलाबी. रंग बदलणारा एलईडी. संगीताचा कार्यक्रम पुलाच्या काठावर होईल, पोरंबाळं पाण्यात उतरतील, वर डीजे, खाली रंग. शेठजी म्हणाले, "बस एक बल्ब ही तो बदलना है."

काकाजी म्हणाले, "पान्यात कायले वरात काढता?"

पण काम करायचं ठरल्यावर मात्र त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. असा दिवा काढायला पूल रिकामा करावा लागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. दिव्याच्या मागे भिंतीत एक खोबण असते. तिथे वायरचं वेटोळं ठेवलेलं असतं. वरचा एक स्क्रू काढला की दिवा सगळ्या वायरसकट काठावर आणून ठेवता येतो. मेन स्विच बंद करून त्यांनी त्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि काठावर पोटावर आडवे झाले. डावा हात खिशातच. मग म्हणाले, "बाई, पाय पकड."

"कुणाचे?"

"माहे. अजून कोनाचे?"

मी काउंटरवर बसणारी, इस्त्रीचा ड्रेस घातलेली, आणि मे महिन्याच्या भर उन्हात एका म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही घोटे धरून उकिडवी बसलेली. फुलं घेऊन आलेला माणूस तसाच परत गेला. काकाजी कमरेपासून पुढे लटकून एका हाताने स्क्रू फिरवत होते आणि सारखे ओरडत होते, "सोडू नोको! सोडजो नोको हं!" मला वाटलं, स्क्रूला म्हणतायत. दिवा वर आला आणि त्याच्या मागच्या खोबणीतून एक जाडजूड बेडूक बाहेर पडून शांतपणे पोहत गेला. काकाजी म्हणाले, "हा इतके दिवस फुकट उजेडात राहून राहिला होता."

नवा दिवा पुरवायचं काम शेठजींनी नागपूरच्या एका डेकोरेशनवाल्याला दिलं होतं. तो संगीताच्या दिवशी दुपारी बाराला आला. काळा चष्मा, खाकी हाफ पँट, बोलण्यात प्रत्येक वाक्याला "नो टेन्शन". दिवा त्याने काकाजींच्या हाती न देता स्वतःच बसवला. दहा मिनिटांत. मग तो भिंतीवरच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरकडे वळला. तो एक लोखंडी पेटीतला ठोकळा होता, दोन माणसांनी उचलावा असा. घरची लाइन त्यात जायची आणि फक्त बारा व्होल्ट, म्हणजे माणसाला झटका बसणार नाही इतकी, होऊन पाण्याकडे जायची.

"ये कबाड़ निकाल दो," डेकोरेशनवाला म्हणाला. "नया माल डायरेक्ट लाइन पे चलता है."

काकाजींनी दिव्याचा खोका उचलला, खिशातलं भिंग काढलं आणि मागच्या बाजूचे बारीक आकडे वाचले. दोनशे वीस व्होल्ट. पुन्हा वाचले. मग खोका माझ्या हातात दिला. "तू वाच. माहे डोरे म्हातारे झाले." मीही तेच वाचलं.

"हा घरातला करंट हाय," काकाजी त्या माणसाला म्हणाले. "सीधा पान्यात सोडून राहिला का बे?"

"काका, सील पैक है. पानी घुस ही नहीं सकता. नो टेन्शन."

"पानी घुसत नाई असं मी एकच सामान पाहिलो. तुहं डोस्कं."

त्यावर त्याने शेठजींना फोन लावला आणि ते येईपर्यंत ठोकळ्याच्या तारा सोडवून दिवा थेट लाइनला जोडूनही टाकला. शेठजी वीस मिनिटांत आले, घामाघूम, एका हातात पत्रिकांचा गठ्ठा. त्यांच्या घरात सकाळपासून पन्नास माणसं होती आणि प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. त्यांनी दोघांचंही पूर्ण ऐकलं नाही. काकाजींना म्हणाले, "आपको हर चीज़ में अड़ंगा डालना है. पंडितजी आए तब भी वही, आज भी वही. आप घर जाइए. कल से भी मत आइए."

काकाजींनी चपला काढल्या, जोडीने काठाला ठेवल्या. टेस्टर काढून चपलेत ठेवला. आणि पँट-शर्टासकट पुलाच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेले. कमरेइतक्या पाण्यात, दिव्यापासून चार हातांवर, शेठजींकडे तोंड करून उभे राहिले.

"ये क्या कर रहे हो?"

"घरी जायच्या पहिले दिवा पाहून जातो म्हनलो," काकाजी म्हणाले. "सील पैक हाय ना? दाबा बटन."

टाकीच्या खोलीत पाणी गाळायची मोटार तेवढी चालू होती.

"दाबा ना जी! संध्याकारी पोट्टे उतरनारच हायेत. मी तं म्हातारा हावो. माह्यावर करून पाहा."

शेठजींचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या लोकांसमोर, मुलीच्या संगीताच्या दिवशी, एक वायरमन पुलात उभा राहून हुकूम सोडतोय. स्विचबोर्ड माझ्या केबिनच्या पुलाकडच्या भिंतीला होता आणि मी त्याच्यापाशी उभी होते. ते माझ्यावर ओरडले, "मैडम! दबाओ बटन! देखते हैं!"

मला आजही नीट सांगता येत नाही की तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या बहिणीचं कॉलेज, आणि पगार माझाच. कदाचित दिवा खरंच ठीक असेल, असंही एकदा वाटलं. त्या माणसाने शेकडो लावले असतील. नाही दाबलं तर उद्यापासून घरी. माझा हात बोर्डापर्यंत गेला, हे मी लपवणार नाही. काकाजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते शेठजींकडे बघत होते. म्हणजे त्यांनी तो निर्णय माझ्यावर टाकलाच नव्हता.

मी बोर्डावरचा पुलाच्या दिव्याचा फ्यूज उपसून काढला आणि पर्समध्ये टाकून चेन लावली. "मी नाही दाबणार, शेठजी," म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

शेठजी डेकोरेशनवाल्याकडे वळले. व्यापारी माणूस. माल घेताना समोरच्याचा चेहरा वाचायचा, हे त्यांचं रोजचं काम. "तू बता," ते म्हणाले. "सील पैक है ना? तो जा, तू भी काका के बाजू में खड़ा हो जा. फिर मैं खुद दबाता हूँ."

त्याने एक बूट काढला. मोजा काढला. पाण्याकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं. मग म्हणाला, "सेठजी, मेरे को सर्दी है."

गोंदियाचा मे महिना. झाडावरचे पक्षीसुद्धा चोच उघडून बसलेले. आणि याला सर्दी. शेठजींनी एवढंच म्हटलं, "बारा वोल्ट वाला लेके आ. अभी." तो एका पायात बूट घालून फोन लावत गाडीकडे पळाला. तसा दिवा त्याच्या नागपूरच्या दुकानात होता. तिथून गाडी निघायची, इथे पोचायची, म्हणजे चार तास तरी.

"अब तो बाहर आइए," शेठजी म्हणाले.

"दिवा येऊ द्या. मंग येतो."

"भरोसा नहीं है मुझ पर?"

"तुमच्यावर हाय. बटनावर नाई."

शेठजी पाय आपटत निघून गेले. पण पाच मिनिटांनी त्यांचा माणूस मोठी छत्री घेऊन आला आणि ती काठावर, काकाजींच्या डोक्यावर सावली पडेल अशी, रोवून गेला.

ते चार तास मी त्यांना पाण्यातच चहा दिला, पाण्यातच जेवण दिलं. ते पायरीवर छातीपर्यंत पाण्यात बसले, डबा काठावर ठेवून एका हाताने जेवले. सजावट करणाऱ्या बायका झेंडूच्या माळा सोडताना त्यांना चुकवून जात होत्या. एकीने विचारलं, हे बाबा कार्यक्रमातले आहेत का? बोटांच्या सुरकुत्या पाहून काकाजी म्हणाले, "पाह्य, भिजवलेल्या बदामासारखा झालो." आणि मग, मी न विचारता, त्यांनी मला म्हशीची गोष्ट सांगितली.

तरुणपणी मिलमध्ये लागायच्या आधी ते गावोगाव मोटारपंप बसवायचे. एका तळ्यावर पंप बसवला. वायरीचा जोड जरा कच्चा होता. अंधार पडायला आला होता, शेवटची बस जायची होती. ते मनाशी म्हणाले, होते चालून. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका विधवा बाईची म्हैस पाण्यात उतरली आणि तिथेच आडवी झाली. काकाजी धावले, तिची साखळी दोन्ही हातांनी धरली आणि दहा फुटांवर फेकले गेले. डावा हात महिनाभर बधिर होता.

"लोक म्हनत, म्हसच तं मेली, मानूस तं नाई मेला. मी म्हनलो, म्हसीले इचारून पाहा." त्यांनी डबा जरा जवळ ओढला. "दोन साल त्या बाईच्या घरी माह्या घरून दूध जाये. पन तिनं माह्याशी कधी बोललं नाई. बरोबर केलं तिनं."

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "लोनचं हाय का थोडंसं?" मी आत गेले आणि लोणचं शोधायला लागायचा त्यापेक्षा जरा जास्त वेळ आतच राहिले.

पाच वाजता दिवा आला. काकाजींनी आकडे वाचले, मला वाचायला लावले, येऊन बसलेल्या शेठजींनाही वाचायला लावले. मग ओल्या कपड्यांत बाहेर आले, अंग कोरडं केलं, शेठजींच्या ड्रायव्हरची लुंगी नेसली आणि तासभर काम केलं. जुना ठोकळा भिंतीवरच राहिला आणि दिवा पुन्हा त्यातूनच जोडला गेला. मी पुन्हा घोटे धरले. या वेळी एक घोटा शेठजींनी धरला होता. लुंगीला खिसा नसल्यामुळे काकाजींनी डावा हात कमरेच्या गाठीत खोचला होता.

काम झाल्यावर ते पुन्हा पाण्यात उतरले. "ज्यानं लावलं त्यानं पहिले उतरायचं," म्हणाले. मी पर्समधून फ्यूज काढून बसवला. "दाब बाई."

मी डोळे मिटून दाबलं. कुणीतरी किंचाळलं. डोळे उघडले तर सगळं पाणी लालभडक आणि त्यात मधोमध काकाजी. शेठजींच्या तोंडून "हे राम" निघून गेलं. काकाजी इकडेतिकडे बघत म्हणाले, "जित्ता हावो जी. रंगच तसा हाय." त्या दिव्याचा रंग बदलायला बटण बंद करून पुन्हा लावायचं होतं. मी बंद केलं, लावलं. हिरवा. पुन्हा. निळा. पुन्हा. जांभळा. काकाजींनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, पाण्यात हात फिरवला, पाणी उडवलं. आधी वरात म्हणून नावं ठेवणारा माणूस म्हणाला, "अजून एकडाव दाब." मग, "अजून एकडाव." शेवटी शेठजी म्हणाले, "बस करिए काकाजी, समधी आते होंगे."

संगीत जोरात झालं. डीजेला जांभळा रंग हवा होता, पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. काकाजी कोरडे कपडे घालून काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि जांभळा आला की उठून उभे राहत होते. शेवटी माझ्याकडे आले. "पांढरा लाव. पोट्टे पान्यात हायेत तोवर पांढराच. तळ दिसला पाह्यजे. कोनी बुडलं तं जांभळ्यात कसं दिसन?" डीजेवाला भांडायला आला. शेठजींनी त्याला लांबूनच हाताने गप्प बसवलं. मी पांढरा लावला. पुलाच्या तळाची एकेक फरशी दिसायला लागली.

"कुणी बुडालं असतं तर तुम्ही काढलं असतं का?" मी विचारलं.

"मी? मले कुठं पोहता येते?"

चार तास हा माणूस पाण्यात होता, आणि त्यानंतर परत एकदा. "मग काय केलं असतं?"

"बोंबललो असतो. ते मले जमते."

"कल से मत आइए" हे वाक्य शेठजींनी मागे घेतलं नाही. काकाजी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले, एवढंच. पण त्यानंतर पुलावर कुठलाही कार्यक्रम असला की शेठजी दुपारी यायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, पहिल्या पायरीवर उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "दबाओ." पाहुण्यांना वाटायचं, शेठजींना पाय गार करायची हौस आहे.

पुढे दोन-तीन वर्षांनी काकाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी स्वतःहूनच काम सोडलं. मुलीकडे जवळच्याच नागरा गावी राहायला गेले. जायच्या दिवशी सगळ्या किल्ल्या घेऊन शेठजींपुढे उभे राहिले. शेठजींनी विचारलं, "अब पानी की लाइट कौन देखेगा? कोई लड़का है नज़र में?"

काकाजींनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "हे बाई पाहीन."

"मी?" मी म्हटलं. "काकाजी, मी मराठी घेऊन बीए केलंय. मला त्यातलं काय येतं?"

"येत तं त्या चश्मेवाल्याले बी होतं," काकाजी म्हणाले. "तुले भेव लागते. तेवढं पुरे."